दाब कुठून येणार?

आमच्या धंद्यात पहिला प्रश्न भावाचा असतो. "वहिनी, बॅरिकेडिंग रनिंग फुटाला काय पडेल?" फोन मंडळाच्या कार्यकर्त्याचा असो, बिल्डरच्या साईट इंजिनिअरचा असो की इव्हेंट कंपनीतल्या पंचविशीतल्या पोराचा, सुरुवात हीच. भाव मी सांगते. धंदा करायला बसलोय, सांगावाच लागतो. पण त्याआधी विचारते, "दाब कुठून येणार?" पलीकडे बहुतेक वेळा शांतता. कुंपणावर दाब येतो हेच डोक्यात नसतं. कुंपण म्हणजे हद्द, एवढाच हिशोब. नुसती हद्द दाखवायची तर चुन्याची फक्कीही पुरते. कबड्डीचं मैदान तसंच चालतं.

माझ्या सासऱ्यांचं पुण्यात, पेठेत, मांडव-डेकोरेशनचं दुकान होतं. वासे, बांबू, काथ्या, कनाती, सतरंज्या असा माल. लग्नानंतर मी आधी हिशोबाच्या वह्या बघायला लागले आणि मग साईटवर जायला लागले. पुढे लग्नं कार्यालयांतून लॉनवर गेली, तिथे मांडव त्यांचाच. शहरात मात्र जिकडेतिकडे खणाखणी सुरू झाली. आम्ही मांडव कमी केला आणि पत्रा, पाइपचे बॅरिकेड, जाळीची पॅनेलं वाढवली. सासऱ्यांना ते फारसं रुचलं नव्हतं. "मांडव माणसांना आत घेतो, तुझा माल माणसांना बाहेर ठेवतो," असं म्हणायचे. बोलायचे हसत, पण मनापासून बोलायचे.

पत्र्यापासून सुरुवात करते, कारण पैसा तिथे जास्त आहे आणि गैरसमजही. साईटला पत्रा लावायचा तो पोरं आत घुसू नयेत, रात्री कोणी सळया उचलून नेऊ नयेत म्हणून, असं सगळे धरून चालतात. ते खरंच आहे. पण पत्रा माणसाने पाडल्याचं मी क्वचितच पाहिलंय. पाडतो वारा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने धूळ रोखण्यासाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या साईटभोवती किमान ३५ फूट उंच पत्रा. एक एकरापेक्षा मोठ्या आवारालाही ३५ फूट, त्याहून लहान असेल तर २५. तोवर आमच्या लाइनीत आठ-दहा फुटांचा पत्रा म्हणजे पुष्कळ झाला. चौकश्या यायला लागल्या त्या अशा, की तुमच्याकडचा दहा फुटी पत्रा एकावर एक चढवून द्या. जणू कपाटावर कपाट ठेवायचंय.

इथे थोडं गणित करावं लागतं, आणि ते शाळेतलंच आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. चौरस मीटरवर किती न्यूटनचा दाब येतो ते कळतं. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात हे सूत्र दिलंय. ताशी ९० किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चौरस मीटरला ३७५ न्यूटन, साधारण ३८ किलो. आठ फूट उंच आणि दहा फूट लांब अशा एका गाळ्यावर २८० किलोंच्या आसपास. तोच गाळा ३५ फूट उंच केला की सव्वा टन. पण खरी गोम पुढे आहे. वारा सगळ्या उंचीवर ढकलतो, म्हणजे त्याचा जोर मधोमध धरायचा. त्यामुळे खांब मुळातून उपटू पाहणारी ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. आठाचे पस्तीस केले की ती सुमारे एकोणीसपट होते. भाव मात्र गिऱ्हाइकाला चौपटीच्या आतबाहेर हवा असतो.

३५ फुटी पत्रा ही इमारत आहे, तिला डिझाइन करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, काँक्रीटचा पाया लागतो, मागून तिरपे टेकू लागतात, हे मी सांगते. ऐकणारे ऐकतात. अडचण अशी की टेकू द्यायचे ते आतल्या बाजूने, कारण बाहेर फुटपाथ. आणि आत काय? तळघराचा खड्डा, अगदी हद्दीपासून दोन हातांवर खणलेला. पावसाने ती कड भुसभुशीत झालेली. टेकूचा पाय तिथे ठेवणं म्हणजे न ठेवणंच. अशा ठिकाणी खांबाचा पाया खोल न्यावा लागतो, नाहीतर खणायच्या आधीच कुंपणाचं ठरवावं लागतं. खणायच्या आधी कुंपण ठरवणारा बिल्डर मला भेटतो, नाही असं नाही. त्याच्या ऑफिसात चहासुद्धा चांगला मिळतो.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. मुंबईत कमाल ४० बाय ४० ची परवानगी असताना ते उभं होतं. त्यानंतरचे काही आठवडे आमच्याकडे फोनवर पहिला प्रश्न टेकूंचा यायचा. पावसाळा सरला आणि पुन्हा रनिंग फूट सुरू झालं.

जाळीचं कुंपण वाऱ्याला वाट देतं. म्हणून मोकळ्या मैदानावर, नदीकाठी, उड्डाणपुलाच्या टोकाशी मी शक्यतो जाळीची पॅनेलं सुचवते. खाली सिमेंटचे ठोकळे, दोन पॅनेलं एकमेकांना क्लॅम्पने जोडलेली, ठरावीक अंतरावर मागून टेकू. पण जाळी दिसली की तिच्यावर काहीतरी टांगायचा मोह कोणाला आवरत नाही. बिल्डर हिरवं कापड लावतो, इव्हेंटवाला स्पॉन्सरचा फ्लेक्स लावतो, आणि दोघांनी काही लावलं नाही तर भागातल्या भावी नगरसेवकाचा वाढदिवस येतोच. भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्यामागे जाळी बुजली की वारा तिला पत्रा समजतो. ठोकळे मात्र जाळीच्या हिशोबाने ठेवलेले असतात. भाऊंना फ्लेक्स काढायला सांगायची हिंमत ना पालिकेच्या माणसाची, ना माझी. म्हणून मी फ्लेक्स येणारच हे धरून ठोकळे मोजते. बांधायला तार देत नाही, सुतळी देते. खालची कड पक्की, वरची कच्ची. वारा सुटला की वरची सुतळी तुटावी, भाऊ खाली लोंबावेत आणि कुंपण उभं राहावं. फ्लेक्सला जागोजागी चंद्रकोरीसारख्या चिरा पाडतात, त्याने लावणाऱ्याचं समाधान होतं. दाबात फार फरक पडत नाही.

रस्त्यावरच्या खोदाईत दाब तिसऱ्याच ठिकाणून येतो, गाडीचा. आणि गाडी अडवण्याची ताकद आमच्याकडच्या बहुतेक मालात नाही. पाइपचा बॅरिकेड गाडीला फक्त सांगू शकतो, की पुढे खड्डा आहे. अडवायचं असेल तर काँक्रीटचे जड बॅरिअर हवेत. लाल-पांढरे प्लास्टिकचे दिसतात ते पाण्याने भरायचे असतात. भरलेले असले की त्यांना वजन असतं, रिकामे असले की रिक्षाच्या धक्क्यानेही घरंगळतात. तुमच्या रस्त्यावरच्या एखाद्याला सहज टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर ते कुंपण नाही, सजावट आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसचं या विषयावरचं मार्गदर्शक पुस्तक आहे, एसपी ५५. त्यातली मांडणी साधी आहे : कामाच्या बऱ्याच आधी इशारा, मग वाहनांना हळूहळू बाजूला नेणारा तिरपा भाग, मग प्रत्यक्ष काम, मग पुन्हा मोकळा रस्ता. आपल्याकडे पहिले दोन भाग वगळून थेट कामाशी बॅरिकेड उभे करतात, कारण बिलात मोजमाप खड्ड्याच्या घेराचं असतं. आणि पिवळी-काळी फीत! दोन काठ्यांना फीत बांधली की काम संपलं, असं मानणारे मोठमोठे ठेकेदार मी पाहिलेत. दिवसा ती फीत दिसते. रात्री चार वर्षांच्या पोराच्या उंचीवरून ती दिसत नाही, आणि कुत्रं तर खालूनच जातं. खड्डा कंबरेपेक्षा खोल असेल तर मला तिथे भरीव अडसर हवा, खालच्या बाजूला फळी हवी आणि रात्री दिवा हवा. याला पर्याय देणाऱ्याशी मी भावावर बोलत नाही.

पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले. मुंबईतल्या कुलाबा-सीप्झ मेट्रोला तर याहून जास्त वर्षं लागली. एवढा काळ रस्त्यात उभं राहणारं कुंपण त्या रस्त्याचा भाग होऊन जातं. लोक त्याच्या आधाराने भाजी विकतात, त्याला टेकून बसची वाट बघतात, त्यावर प्रेमाची नावं कोरतात, आणि पुरुषांना त्याचा जो उपयोग सुचतो तो सुचतोच. मग पत्रा निवडताना बारीकसारीक गोष्टी मोठ्या होतात. पत्रा जमिनीपर्यंत टेकवला तर पावसाचं पाणी अडतं आणि दुकानांत शिरतं. वर उचलला तर धूळ आणि गाळ बाहेर येतो. मी तीन-चार बोटं फट ठेवून आतून वाळूच्या गोण्यांची ओळ सुचवते, म्हणजे पाणी झिरपतं आणि गाळ आत राहतो. चौकात पत्रा वळतो तिथे शेवटची काही पॅनेलं जाळीचीच हवीत. नाहीतर आडव्या रस्त्याने येणारी दुचाकी आणि पत्र्याआडून उतरणारी आजी यांची गाठ थेट रस्त्याच्या मधोमध पडते. जाळीच्या त्या दोन-तीन पॅनेलांसाठी मी जितकी भांडलेय तितकी बिलासाठीही भांडले नसेन. धूळ बाहेर येते, असं उत्तर मिळतं. येऊ दे की थोडी.

आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यातल्या पुरुषांना सांगितल्याशिवाय कळत नाही. रात्री नऊनंतर एका बाजूला शंभर-दीडशे मीटर लांब सपाट पत्रा, दुसऱ्या बाजूला धावती वाहनं, आणि मधे दीड मीटरचा फुटपाथ, अशा वाटेने बाईला चालायचं असेल तर ती चालत नाही. ती वाहनांच्या बाजूने रस्त्यावर उतरते. कारण त्या अरुंद बोळात समोरून कोणी आलं तर वळायला जागा नसते आणि आतून-बाहेरून कोणाला काही दिसत नाही. साईटवरच्या बैठकीत हे बोलले तेव्हा एक इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, हा सेफ्टीचा मुद्दा नाही, हा लॉ अँड ऑर्डरचा आहे." मी म्हटलं, बाई रस्त्यावर उतरली आणि गाडीखाली आली तर तो कोणाचा मुद्दा? मग दिवे मंजूर झाले. दर काही अंतरावर डोळ्यांच्या उंचीला जाळीची खिडकीही. त्या खिडकीचा वेगळाच फायदा झाला. रिटायर्ड काका मंडळी तिथे उभी राहून क्रेन बघायला लागली, आणि ज्या वाटेवर दोन म्हातारे गप्पा मारत उभे आहेत ती वाट सुरक्षित वाटते.

आता गर्दी. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण वारा आणि गाडी यांचा हिशोब कोणीतरी करून ठेवलाय. गर्दीचा हिशोब दर वेळी नव्याने करावा लागतो.

गर्दीला आपण ढकलतोय हे माहीत नसतं. मागचा माणूस टाचा उंचावून अर्धं पाऊल पुढे सरकतो, त्याच्या पुढचा आणखी अर्धं, आणि सगळ्यांची ती अर्धी पावलं कुंपणाला चिकटलेल्या माणसाच्या बरगड्यांवर येऊन साठतात. चौरस मीटरमध्ये चार माणसं असतील तर हात हलवता येतो, पाय उचलता येतो. सहाच्या पुढे गेली की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या नियोजनावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. आयोजक म्हणवणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी, इंग्रजीचा कंटाळा करू नये.

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी बांबूचे अडसर असतात. नवीन पोरांना ते जुनाट वाटतं. लोखंडी बॅरिकेड गोदामात पडलेले असताना बांबू कशाला, असं विचारतात. आमच्या मुकादमांना सगळे आबा म्हणतात. त्यांचं उत्तर ठरलेलं : "बांबू आधी बोलतो, मग मोडतो. लोखंड बोलत नाही." काथ्याने आवळलेल्या बांबूवर दाब वाढला की तो कुरकुरतो, वाकतो, गाठी सरकल्याचा आवाज येतो. आबा त्या आवाजावर कान ठेवून उभे असतात, आणि त्यांच्या कमरेला कोयता असतो. गाठीवर दोन घाव घातले की जिथे पाहिजे तिथे दार. पाइप आणि कपलरचं बॅरिकेडिंग दिसायला कितीतरी मजबूत, पण ते उघडायला पाना लागतो, पाना घेऊन माणूस यावा लागतो, आणि त्या माणसाला यायला वाट लागते.

पण बांबूचं कौतुक करतानाच नाशिक आठवतं. २७ ऑगस्ट २००३. सिंहस्थात साधूंचं स्नान आधी व्हावं म्हणून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर भाविकांना बांबूच्या कुंपणामागे थांबवलं होतं. चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. बांबू बोलला असेल. ऐकायला कोणी मोकळं नसेल, किंवा ऐकून उपयोग नसेल. उतार, अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, पुढे अडसर, मागून येतच राहणारे लोक. अशा जागी कुंपण बांबूचं की लोखंडाचं हा प्रश्नच नाही. अशा जागी माणसांना थांबवायचंच नसतं. थांबवायचं तर कितीतरी आधी, जिथे रस्ता रुंद आहे, सपाट आहे आणि माघारी वळता येतं तिथे. वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला जे झालं, जवळजवळ तीनशे माणसं गेली, तिथेही अरुंद चढ, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि माघारी फिरायला नसलेली वाट. त्यानंतर न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला गेला. या दोन्ही जागा मी नंतर पायी फिरून पाहिल्या. माझ्या मालातलं काहीही तिथे लावून प्रश्न सुटला नसता, हे तिथे उभं राहिल्यावर पायांनाच कळतं.

खड्ड्यांचा एक वाद दर भाद्रपदात रंगतो. वासे रोवायचे तर रस्ता खणावा लागतो. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये मंडपाच्या दर खड्ड्याला १५ हजार रुपये दंड ठरवला, मंडळांनी आरडाओरडा केल्यावर तो पुन्हा दोन हजारांवर आला. मला दोन्ही बाजू पटतात, पण न खणताही काम होतं. वाळूने भरलेल्या पिंपात वासा उभा करायचा, पिंपं आडव्या वाशाने एकमेकांना बांधायची. जागा जास्त लागते, वाळू उचलायला माणसं लागतात. एक पथ्य मात्र पाळावं लागतं : पिंप कुंपणाच्या आतल्या बाजूला असावं. गर्दीच्या बाजूला ठेवलं तर त्यावर चार पोरं चढतात आणि मग पिंपही वासाही त्यांचाच.

बॅरिकेडच्या पायांचंही तसंच. पोलिसांकडे असतात तसे लोखंडी बॅरिकेड तुम्ही पाहिले असतील, एकमेकांत हुकाने अडकणारे. काहींचे पाय पसरलेले आणि जमिनीपासून उंच असतात, काहींचे चपटे. रांगेसाठी चपटेच घ्या. पसरलेल्या पायांना पहिला अडखळतो तो लुगडं नेसलेल्या बाईचा पाय. शिवाय रांग पुढे रेटली गेली आणि असे बॅरिकेड आडवे झाले तर ते जमिनीवर शिडीसारखे पडतात, गजांत पाय अडकतात, आणि पडलेल्या माणसावर पुढचा पडतो. म्हणून समोरून रेटा येणार असेल तिथे मी हे बॅरिकेड देतच नाही. रांग बाजूने वाहती ठेवायला ते उत्तम, गर्दी छातीवर घ्यायला नाही. गिऱ्हाइकाला ते सगळीकडे सारखेच वाटतात.

रांगेची खरी शाळा पंढरपूर. आषाढीला दर्शनबारी मंदिरापासून निघून गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडमधून पुढे कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि माणसं त्यात तासन्‌तास उभी असतात. तिथे रांगेत उभं राहिल्यावर समजतं की कुंपणाला दर थोड्या अंतरावर बाजूला निघायची वाट हवी. म्हातारीला भोवळ येते, पोराला शी लागते, बाईला लघवीला जायचं असतं. बाहेर पडायला वाट नसेल तर बाई सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि मग भोवळ येणाऱ्यांत तिची भर पडते. आणि जिथे रांग उलटी वळते तिथे काटकोन नको, गोल वळण हवं. कोपऱ्यातल्या खांबाशी आतल्या बाजूचा माणूस दाबला जातो, विशेषतः लहान मूल. शिवाजी पार्कला सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारी रांग पाहिली तरी हेच दिसेल. एवढी माणसं इतक्या शांतपणे सरकतात त्याला त्यांची शिस्त कारण आहेच. पण रांग सरकत राहते, थांबत नाही, हेही आहे. थांबलेली रांग म्हणजे गर्दी.

माझ्या मते पुण्यातलं सगळ्यात चांगलं तात्पुरतं कुंपण ढोल-ताशा पथकांकडे असतं. वादकांभोवती दोर, आणि दोर धरून चालणारी मुलं-मुली. ते कुंपण चालतं, वळतं, अरुंद जागी आकसतं, चौकात फुगतं, भोवळ आलेल्या मुलीला बाहेर काढायला क्षणात उघडतं आणि पुन्हा मिटतं. त्याला डोळे असतात. मी एका इव्हेंट कंपनीला हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, दोराचा रनिंग फुटाला भाव काय?

राजकीय सभांचं कुंपण हा निराळाच प्रांत. व्यासपीठापुढे मोकळा ठेवलेला 'डी', त्यामागे बल्ल्यांनी पाडलेले कप्पे, बायकांचा वेगळा, पत्रकारांचा वेगळा. तिथे सुरक्षा यंत्रणा सांगेल तसं करायचं असतं, आमचं मत कोणी विचारत नाही, आणि बिल निवडणुकीनंतर मिळतं. हरलेल्याचं तर बरंच नंतर.

मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमांना मात्र आता चांगला माल यायला लागलाय. व्यासपीठापुढे लावतात तो ॲल्युमिनियमचा अडसर, ज्याला सगळे 'मोजो' म्हणतात. नाव एका डच कंपनीवरून पडलंय. त्याची युक्ती मला फार आवडते. त्याला गर्दीच्या बाजूला एक रुंद पत्रा जोडलेला असतो, पहिल्या रांगेतले प्रेक्षक त्यावर उभे राहतात. जितकी गर्दी रेटते तितकी तिच्याच वजनाने अडसर जमिनीला धरून राहतो. मागच्या बाजूला पायरी असते, तिच्यावर उभा राहून सुरक्षारक्षक गुदमरलेल्याला काखेत धरून वर उचलून काढतो. परदेशातल्या नियमपुस्तकांत अशा अडसराने मीटरमागे सुमारे तीनशे किलोचा रेटा सोसावा अशी अपेक्षा असते. आमच्याकडे हुकाच्या बॅरिकेडांवर काळं कापड गुंडाळून तसंच दिसणारं काहीतरी उभं करतात. फोटोत फरक कळत नाही.

मजबूत कुंपण म्हणजे सुरक्षित कुंपण, हा समज मात्र मजबूत माल विकणाऱ्यांनीच पसरवलाय, आणि त्यात मी आले. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना होता. प्रेक्षकांनी मैदानात उतरू नये म्हणून पुढे उंच, भक्कम जाळी होती, तिला लहानशी दारं. मागच्या बोगद्यातून लोक आत येत राहिले, पुढे जाळी. ९७ माणसं गेली. ती जाळी पडली असती तर बरं झालं असतं. लॉर्ड टेलर यांच्या चौकशीनंतर तिथल्या मैदानांवरची अशी कुंपणं निघाली. अगदी अलीकडचं सांगायचं तर ४ जून २०२५ ला बंगळूरला चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ माणसं गेली, तीही दारांशीच.

म्हणून माझ्या कोटेशनमध्ये दारांची ओळ वेगळी असते. दार किती रुंद, कुठल्या बाजूला उघडणार (गर्दीपासून दूर, तिच्या अंगावर नाही), कडी कुठल्या उंचीला, एका हाताने निघणारी आहे का. कुलूप नाही, तार नाही. आणि त्याखाली आणखी एक ओळ : प्रत्येक दाराशी एक माणूस, कार्यक्रम संपेपर्यंत, जेवणाची सुट्टी आलटून पालटून. बाकी काही काम नसलेला माणूस. काट याच ओळीवर बसते. आयोजक म्हणतात, आमचे बाउन्सर आहेत ना. बाउन्सरला आत घुसणाऱ्याला अडवायचे पैसे मिळतात. त्याच्याकडे दार सोपवलं की तो फुकटे येऊ नयेत म्हणून त्याला बाहेरून तार बांधतो, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं चूक नाही. दाराच्या माणसाची ओळ काढून आलेली वर्कऑर्डर आम्ही परत पाठवतो. ते काम दुसरं कोणीतरी घेतंच. नवऱ्याचं म्हणणं, तू समाजसेवा करतेस. विम्याचा हप्ता कोण भरतं ते त्याला माहीत आहे, त्यामुळे वाद तिथेच थांबतो.

नाशिकला सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ मध्ये आहेत. चौकश्या आत्तापासून येतायत, फुटांत नाही, किलोमीटरमध्ये. एका मोठ्या ठेकेदाराने आमच्याकडून पोटठेक्याने माल मागितलाय. मी दारं किती म्हणून विचारलं, तो म्हणाला नकाशा पाठवतो. नकाशा आलाय, दारं त्यावर दाखवलेली नाहीत. रामकुंडाकडे उतरणारे रस्ते एकदा चालून यायचं ठरवलंय. मी म्हटलं, मधल्या वारी जाऊ, रस्ता मोकळा मिळेल, मापं घेता येतील. आबांना ते मान्य नाही. मोकळ्या रस्त्यात काय बघायचंय, म्हणाले. श्रावणी सोमवारी जाऊ, कपालेश्वराला गर्दी असते तेव्हा.